कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर ७०० किलोमीटर, मग वेळ किती धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई इचलकरंजीला असते, वय ६८, गुडघ्यांचा त्रास. बहिणीकडे नागपूरला, धंतोलीत, दुपारी साडेबाराला साखरपुडा आहे. कोल्हापूर-नागपूर विमानाचं अंतर शोधलं तर एका ठिकाणी ३७९ दिसलं, दुसरीकडे ४३६, तिसरीकडे ७०२. उड्डाणाचा वेळ कुठे ५० मिनिटं, कुठे पावणेदोन तास. यातलं खरं कोणतं आणि आईला त्याच दिवशी सकाळी निघता येईल का?

मी विमान कंपन्यांच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये डिस्पॅचर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. उड्डाणाचा मार्ग, इंधन, हवामान आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशोब करून कॅप्टनच्या हातात देणं हे आमचं रोजचं काम. त्यामुळे आधी आकड्यांचा गुंता सोडवते. पण तुमचा खरा प्रश्न अंतराचा नाही. आईने घरातून किती वाजता निघायचं आणि साडेबाराची वेळ किती भरवशाने गाठता येईल, हा आहे. छोट्या विमानतळांमधल्या प्रवासात वेळेचा सर्वांत लहान तुकडा अंतरामुळे ठरतो. बाकीचा सगळा दुसऱ्याच गोष्टींमुळे.

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे बरोबरच आहेत. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ ते नागपूरचा सोनेगावचा विमानतळ हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत जवळचं अंतर ७०२ किलोमीटर भरतं. तेच मैलांत ४३६ आणि सागरी मैलांत ३७९. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि विमानाच्या क्षेत्रात सगळा हिशोब सागरी मैलांतच चालतो. पुष्कळ संकेतस्थळं एकक नीट लिहीत नाहीत, मग माणूस ३७९ ला किलोमीटर समजतो आणि अर्ध्या तासात पोचू असा अंदाज बांधतो. यापुढे कुठलाही आकडा दिसला की आधी त्याचं एकक बघा.

हे ७०२ किलोमीटर नकाशावर पट्टी ठेवून पाहण्यासारखे आहेत. रेषा ईशान्येला जाते. पंढरपूरच्या अगदी जवळून, मग बार्शीच्या थोडं खालून, अंबाजोगाई, पुसद, यवतमाळ, वर्धा आणि नागपूर. महाराष्ट्र एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरका कापल्यासारखा. रेल्वेने हाच प्रवास करायचा तर महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घालून नागपूरला येते. ते अंतर सुमारे १२०० किलोमीटर पडतं, आणि जवळपास एक पूर्ण दिवस-रात्र गाडीत जाते. म्हणून आईसाठी विमानाचा विचार करताय ते योग्यच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढा वेळ बसवून ठेवू नये.

आता वेळेचं बघू. नेटवरची गणकयंत्रं बहुतेक एकच करतात: अंतराला ताशी ८०० किंवा ८५० किलोमीटरने भागायचं, कधी वर सरसकट अर्धा तास मिळवायचा. ७०२ ला ८५० ने भागलं की ५० मिनिटं येतात. तुम्हाला दिसलेला आकडा तिथूनच आलेला दिसतो. यात दोन गोष्टी सुटतात. पहिली, या मार्गावर विमान कोणतं आहे. दुसरी, विमान पूर्ण वेगाने नेमका किती वेळ उडतं.

विमानापासून सुरुवात करते. छोट्या शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर साधारण दोन प्रकारची विमानं दिसतात. एक एटीआर ७२, पंखा फिरणारं टर्बोप्रॉप, सत्तरेक आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसरं एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट, ते ताशी ८०० च्या पुढे जातं. छोट्या शहरांना विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना २०१६ मध्ये आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरच्या उड्डाणासाठी काही आसनांचं भाडं २५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवलं होतं. त्या ‘तासाला ५००’ मुळे लोकांच्या डोक्यात एक ठोकताळा बसला. एटीआरला तो बऱ्यापैकी लागू पडतो, जेटला नाही. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा. तो तिकिटाच्या पानावर लिहिलेला असतो आणि कुणीच वाचत नाही.

जेट ७०० किलोमीटरच्या मार्गावर नेमकं काय करतं ते जरा जवळून सांगते, कारण सगळ्यांचा अंदाज इथेच चुकतो. कोल्हापूरहून उड्डाण झालं की ३१,००० फुटांवर स्थिरावेपर्यंत साधारण दोनशे किलोमीटर जातात. म्हणजे पंढरपूर खाली येतं तेव्हाही विमान चढतच असतं आणि बार्शीच्या आसपास सरळ होतं. उतरण्याचा आमचा जुना हिशोब असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, तेव्हा तीस हजार फूट उतरायचे तर ९० सागरी मैल, म्हणजे १६५ किलोमीटर आधीच खाली यायला सुरुवात करावी लागते. पुसद मागे पडतं, यवतमाळ अजून यायचं असतं, आणि इंजिनांचा आवाज कमी होतो. चढण्याचे दोनशे आणि उतरण्याचे १६५ वजा केले की पूर्ण वेगाने सपाट उडायला साडेतीनशेच्या आतच किलोमीटर उरतात. ते जेटला पंचवीस मिनिटांत होतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, म्हणून सरळ भागाकार केला की उत्तर नेहमी कमी येतं.

शिवाय विमान ७०२ किलोमीटर उडत नाही. मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातो, काही भाग लष्करी सरावासाठी राखलेला असू शकतो, आणि धावपट्टीच्या दिशेला जुळवून घ्यायला वळणं घ्यावी लागतात. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा पूर्वेकडून असेल तर विमान पूर्वेकडे उडून जवळजवळ आपल्या वाटेलाच लागतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा आधी पश्चिमेकडे उडायचं आणि मग वळून परत यायचं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि आपण नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तिथे काटकोनात वळावंच लागतं. या सगळ्यासाठी मी अंतरात पाच टक्के वाढ धरते, आणि ७०२ चे ७३५-७४० होतात.

वाऱ्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जाताना आणि येताना वेळ वेगळी का दाखवतात याचं उत्तर त्यात आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रावर उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. समजा ४० नॉटचा, म्हणजे ताशी ४० सागरी मैलांचा वारा आहे. आपला मार्ग त्याला ४५ अंशांत असल्यामुळे त्यातले २८ नॉट कामाला येतात. नागपूरला जाताना ते पाठीवर, परत येताना तोंडावर. जेटला यामुळे जाण्यायेण्यात सहा-सात मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात उलटं होतं. तेव्हा तीस हजार फुटांच्या वर पूर्वेकडून वारे असतात, जरी खाली जमिनीलगत पश्चिमेचा वारा छत्री उलटी करत असला तरी. एटीआर सतरा-अठरा हजार फुटांवर, या दोन्हींच्या मधल्या थरात उडतं, त्यामुळे पावसाळ्यात त्याला वाऱ्याचा ना फार फायदा ना फार तोटा. तुमच्या बेतासाठी ही पाच-सात मिनिटं मोजण्याची गरज नाही. वेळापत्रकात ती आधीच धरलेली असतात.

त्या वेळापत्रकात आणखी काय धरलेलं असतं, तेही बघा. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे चाक जमिनीवरून उचलण्याची वेळ नव्हे. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलतं ती सुटण्याची वेळ, आणि मुक्कामी थांबून पुन्हा ठोकळे लागतात ती पोचण्याची. या दोन्हींमधल्या काळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीसाठी थांबणं, उतरल्यावर स्टँडपर्यंत येणं हे सगळं येतं. शिवाय कंपन्या त्यात थोडी हातची मिनिटं ठेवतात, कारण ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत झालेलं उड्डाण वेळेवर धरलं जातं आणि त्याची टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. वैमानिक ‘आपण वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा करतो, ती पुष्कळदा याच मिनिटांतून आलेली असते.

हे सगळं धरून माझा अंदाज असा: छोटं जेट असेल तर कोल्हापूर-नागपूर ब्लॉक टाइम सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं. एटीआर असेल तर एक तास पन्नास मिनिटांच्या आसपास. तिकिटावर याहून फार वेगळा आकडा दिसला तर मध्ये कुठे थांबा तर नाही ना, हे तपासा. ‘थेट’ म्हणून विकलेलं उड्डाणही कधी वाटेत एका विमानतळावर उतरून पुढे जातं. विमान तेच, आसनही तेच, पण तासभर जास्त.

आता घरापासून घरापर्यंत. इचलकरंजी ते उजळाईवाडी पाऊण तास. काउंटर कंपनीप्रमाणे सुटण्याआधी ४५ ते ६० मिनिटं बंद होतो, आणि व्हीलचेअर घ्यायची असल्यामुळे आईने दीड तास आधी पोचलेलं बरं. जेटचा ब्लॉक टाइम एक तास वीस मिनिटं. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना शेवटी उतरवतात, त्यामुळे उतरणं आणि सामान मिळून अर्धा तास. सोनेगाव ते धंतोली जवळ आहे, पण वर्धा रोडची गर्दी धरून अर्धा तास. बेरीज साडेचार तासांच्या थोडी पुढे जाते, एटीआर असेल तर पाच तास. त्यात पूर्ण वेगाचं सपाट उड्डाण ती पंचवीस मिनिटंच. जेट निवडून अर्धा तास वाचतो हे खरं, पण दीड तास आधी पोचायचं ते पोचायचंच.

थेट विमान त्या दिवशी नसेल तर पर्याय मुंबई किंवा हैदराबादमार्गे. अंतर पाहिलं तर हैदराबादमार्गे ८७५ किलोमीटरच्या आसपास पडतं आणि मुंबईमार्गे साधारण ९९०. कागदावर हैदराबाद जवळ. पण हे अंतर बघून ठरवू नका. दोन विमानांमध्ये किती वेळ आहे, दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर आहेत का, आणि मुंबईत टर्मिनल बदलावं लागतं का, हे बघा. एकाच तिकिटावर असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी. दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. तशीच वेळ आली तर मध्ये किमान तीन तास ठेवा.

तरीही यातलं काहीच ‘त्याच दिवशी सकाळी निघावं का’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत नाही. ते अवलंबून आहे दिवसातून किती विमानं आहेत यावर. मुंबई-दिल्लीचं एक विमान रद्द झालं तर तासाभरात दुसरं असतं. छोट्या मार्गावर दिवसाला एकच फेरी असते, कधी आठवड्यातले काहीच दिवस. ते रद्द झालं की पुढचा पर्याय उद्याचा, किंवा रात्रभराची बस.

उशीर होतो कसा तेही सांगते. छोटं विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला फेऱ्या मारत असतं, आणि सकाळी पहिल्या फेरीला झालेली वीस मिनिटं संध्याकाळपर्यंत तासाभराची होतात. मधल्या थांब्याला वीस-पंचवीस मिनिटंच असतात, तिथे भरून काढायला जागा नसते. त्यात छोटे विमानतळ ठराविक तासच उघडे असतात. विमान इतकं उशिरा निघालं की मुक्कामाचा विमानतळ बंद व्हायची वेळ येणार, तर वेळ वाढवून मागावी लागते, नाहीतर उड्डाण रद्द. माझ्या पाळीत असे निर्णय घ्यावे लागले आहेत, आणि तेव्हा पलीकडे लग्नाला निघालेली माणसं बसलेली असतात याची जाणीव मला दर वेळी असते.

हवामानाचं ऋतूप्रमाणे बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला खाली ढग टेकतात, डिसेंबर-जानेवारीत नागपूरला काही सकाळी धुकं असतं. विमान पाठवताना मी मुक्कामापर्यंतच्या इंधनावर पर्यायी विमानतळाचं आणि शिवाय अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव इंधन धरते. कोल्हापूरला उतरता आलं नाही तर बेळगाव सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, पण आईला बेळगावहून इचलकरंजीला आणायचं म्हणजे गाडी, दोनेक तास आणि चिंता. उन्हाळ्यात वेगळीच अडचण. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली धावपट्टी नागपूरच्या ३२०० मीटरच्या मानाने बरीच आखूड. दुपारच्या उन्हात हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोघांचीही ताकद घटते, आणि कधीकधी वजन कमी ठेवावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळचं उड्डाण निवडा.

माझं स्पष्ट मत: आईला आदल्या दिवशी पाठवा. सकाळी आठला विमान असेल तर कागदावर अकरापर्यंत धंतोलीत पोचता येतं आणि दीड तास हाताशी उरतो. पण त्या दीड तासाच्या भरवशावर आईला पहाटे साडेपाचला घराबाहेर काढून, उशीर झाला तर तिने विमानतळावर रडत बसावं, असं कुणाच्या घरी होऊ नये. हा साखरपुडा तिच्यासाठी एकदाच आहे. परतीच्या बाबतीत एवढं ताणू नका, तेव्हा दोन तास उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

तिकीट काढताना कमी-जास्त किमतीच्या आधी चार गोष्टी बघा: विमानाचा प्रकार, मध्ये थांबा आहे की नाही, त्या दिवसाची ती पहिली फेरी आहे का, आणि तेच विमान त्याआधी कुठून येतं. शेवटची गोष्ट विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर सहज दिसते. आदल्या आठवड्यातली त्याच उड्डाणाची वेळ रोज पाहिलीत, तर सरासरी उशीर किती ते तुम्हालाच समजेल. माझ्या अंदाजापेक्षा तो आकडा तुमच्या जास्त उपयोगाचा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. आणि ती मागताना नेमकं सांगा: आईला पायऱ्या चढता येतात की नाही. नियमात यासाठी वेगवेगळे प्रकार आहेत. फक्त लांब चालता येत नाही असं सांगितलं, तर खुर्ची विमानाच्या शिडीपाशी थांबते आणि पुढे तिला स्वतः चढावं लागतं. एटीआरला मागच्या दारात चार-सहा पायऱ्या असतात, दार जमिनीपासून फार उंच नसतं. जेटची शिडी उंच असते. तिथे पायऱ्या जमत नाहीत असं आधी कळवलं, तर उचलून नेण्याची सोय करता येते, पण छोट्या विमानतळावर ती आयत्या वेळी उभी करता येत नाही. आईला मधल्या वाटेलगतची (आईल) आणि पुढच्या ओळीतली जागा मागा. एटीआरमध्ये मात्र दार मागे असल्यामुळे मागच्या ओळीतली जागा सोयीची.

तारीख आणि विमानाचा प्रकार कळवलात तर त्या महिन्याचे वारे आणि हवामान धरून ब्लॉक टाइम आणखी नेमका सांगते.